दामिनीचा नंबर

लातूरच्या भांडे गल्लीतले रेवणप्पा हलकुडे महिन्याचा पहिला रविवार उजाडला की सकाळच्या नांदेड गाडीत खिडकीशी जाऊन बसत, ही गोष्ट एव्हाना साऱ्या गल्लीला ठाऊक झाली होती. ठाऊक नव्हते ते एवढेच, की साठीला टेकलेला हा प्रतिष्ठित व्यापारी नांदेडला जाऊन कॉलेजच्या मुलींच्या भिशीत बसतो. ते फक्त त्यांच्या पत्नीला, शरणम्माला माहीत होते, आणि तिला ते कणभरही मान्य नव्हते.

“निघालात?” ते चपला घालू लागले की ती दारात आडवी उभी राहून म्हणे. “लोक इचारतेत, मालक कुठं गेले. काय सांगू? पोरींत बसून गाण्याच्या तबकड्यांची भिशी भरून राहिलेत, असं सांगू?”

“सांग की. चोरी करून राहिलो का मी?”

“चोरी न्हाई. पर तिच्या नावाचे डबे चार महिने झाले माळ्यावर कोरे पडलेत. त्याच्यावर नाव घालायला तुमचा हात उचलत न्हाई, अन् नांदेडला जायला पाय बरे उचलतेत.”

रेवणप्पा पिशवी उचलून बाहेर पडत. भांड्यांवर नाव घालण्यात त्यांचा हात गल्लीत नावाजलेला होता. यंत्राची सुई ते स्टीलवर अशी टेकवत की अक्षर जणू त्या भांड्याबरोबरच जन्माला आले असावे. रुखवताचे हंडे, वास्तुशांतीची ताटे आणि गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ वाटायचे डबे, सारे त्यांच्याच हाताखालून जात. पस्तीस वर्षांत किती लिंगैक्य झालेल्यांची नावे त्यांनी कोरली, याची गणती नव्हती. परंतु ऑगस्टच्या मध्यास त्यांची एकुलती एक मुलगी दामिनी, वय वर्षे वीस, नांदेडच्या वसतिगृहातून ताप घेऊन घरी आली आणि सहाव्या दिवशी डेंग्यूने गेली. कार्याला वाटण्यासाठी दीडशे डबे दुकानातून काढले गेले. पहिला डबा मांडीवर घेऊन ते बसले, सुई सुरू केली, आणि तासाभराने डबा जसाच्या तसा खाली ठेवून उठले. ते डबे माळ्यावर गेले ते गेलेच.

आता ही भिशी काय होती, ते सांगितले पाहिजे.

दामिनी आणि तिच्या दहा मैत्रिणी, अशा अकरा जणींना कोरिया, जपान आणि थायलंड या देशांतील गाण्यांचे वेड लागले होते. तिकडे एखादे नवे गाणे सकाळी निघाले, तर नांदेडच्या वसतिगृहात ते दुपारच्या वरण-भातापर्यंत पाठ झालेले असे. एकाही शब्दाचा अर्थ कळत नसे, तरी शब्द ओठांवर अचूक असत. मोबाइलवर ऐकायला त्याचे काही मोल पडत नव्हते. तथापि तेच गाणे तिकडे तबकडीवर, सुबक पेटीत घालूनही विकले जाते. त्यास मुली ‘सिंगल’ म्हणत. आत एक पुस्तिका असते आणि गाणाऱ्यांपैकी एकाचे छायाचित्र, ज्याच्या नशिबी जे येईल ते. मुंबईचा एक व्यापारी ते मागवून देई, आणि टपालखर्च धरून ते अकराशे रुपयांना पडे. एकटीने घ्यावे तर महिन्याची मेस थांबेल. म्हणून अकरा जणींनी महिना शंभर रुपये काढायचे, पहिल्या रविवारी लुंबिनीच्या घरी जमायचे, चिठ्ठी टाकायची आणि जिचा नंबर लागेल तिने आपल्या पसंतीचे एक सिंगल मागवायचे. लुंबिनी ही नांदेडचीच, दामिनीची जिवाभावाची मैत्रीण. जून महिन्यात ही भिशी सुरू झाली.

दामिनीने हे सारे वडिलांपासून लपवून ठेवले होते. का, ते रेवणप्पांना मागाहून उमगले, आणि उमगले तेव्हा त्यांनी दुकानाचे शटर अर्धे ओढून घेतले. आदल्या दिवाळीच्या गर्दीत ती मोबाइल घेऊन गल्ल्यापाशी आली होती.

“अप्पा, हे मागवू का? अकराशेला हाय.”

“काय हाय हे?”

“गाणं हाय.”

“ते तर तुझ्या फोनमधी दिवसभर वाजून राहिलंय!” रेवणप्पा गिऱ्हाइकांकडे पाहून मोठ्याने म्हणाले होते. “बघा हो, फुकट ऐकू येणारी वस्तू अकराशेला घेणारी माझीच लेक निघाली. उद्या वारं सुद्धा इकत आणंल!”

सारे दुकान हसले. दामिनीही हसली. त्यानंतर तिने गाण्याचे नाव बापापुढे कधी काढले नाही, आणि बापाला वाटले, पोरीचे खूळ गेले.

मुलगी गेल्यानंतर नवव्या दिवशी लुंबिनी लातूरला भेटायला आली. बराच वेळ ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, “काका, दामिनीचे तीन महिन्यांचे तीनशे रुपये हायत आमच्यापाशी. भिशीचे. ते तुम्हाला द्यावे म्हणून...”

तेव्हा रेवणप्पांना ती सारी हकिकत कळली. त्यांनी विचारले, “तिचा नंबर लागला होता का?”

“न्हाई, काका. बाकी हाय.”

“मग पैसे कशाला परत देतीस, माय? भिशी मधेच मोडतेत का कुठं?”

भांडे गल्लीतील व्यापाऱ्यांची भिशी रेवणप्पाच तीस वर्षे चालवीत आले होते. भिशीतला माणूस मधेच गेला तर त्याचा मुलगा त्याच्या जागी येऊन बसतो, उरलेले हप्ते भरतो आणि नंबर लागला की उचलतो, अशी तिथली रीत. बापाच्या जागी मुलगा बसलेला त्यांनी अनेकदा पाहिला होता. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ते नांदेडला गेले आणि मुलीच्या जागी बाप बसला.

पहिल्या वेळी मुली अगदी अवघडून गेल्या. लुंबिनीच्या आईने, नागुबाईने चहा पुढे केला, तर रेवणप्पांनी आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली. सोबत घरचा डबाही होता. ऑक्टोबरात चहा घेतला. नोव्हेंबरात नागुबाई म्हणाली, “दादा, तुमच्या डब्यातली भाकर वाळून कडक झाली. आमची गरम हाय, तव्यावरची,” आणि ते मुकाट्याने पाटावर जाऊन बसले. डिसेंबरात डबा आणलाच नाही.

चिठ्ठी प्रत्येकीने स्वहस्ते लिहायची, असा त्या भिशीचा नियम होता. त्यामुळे पुनम नावाची एक बोलघेवडी मुलगी पेन्सिल आणि कागदाचा तुकडा रेवणप्पांपुढे ठेवी. ते चष्मा पुसत, आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहीत: दामिनी. स्टीलवर जे नाव उमटत नव्हते ते कागदावर विनासायास उमटे. चारदा घडी घालून ते चिठ्ठी चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकत. डबा खळखळ हलवला जाई, शेजारचे एखादे लहान मूल चिठ्ठी काढी, आणि दुसऱ्याच कुणाचे नाव निघे. मुली टाळ्या पिटत. रेवणप्पा दीर्घ श्वास सोडून उपरण्याने कपाळ पुसत आणि म्हणत, “बरं. येतो आता. पुढल्या महिन्यात हायच.”

खरी गोष्ट अशी होती की तो श्वास सुटकेचा होता. दामिनीचे नाव निघू नये, याच एका इच्छेने रेवणप्पा साडेतीन तासांचा प्रवास करीत. भांडे गल्लीच्या हिशेबाने, ज्याचा नंबर लागायचा आहे तो माणूस भिशीत आहे. त्याची वाट पाहिली जाते, त्याचे नाव दर महिन्याला घेतले जाते. इतर ठिकाणी दामिनीचे नाव आता फक्त ‘होती’ या शब्दासह येई. कॉलेजच्या पटावरून ते गेले होते, रेशनकार्डावरून गेले होते. शरणम्माने तिचे कपडेही देवणीच्या भाचीला देऊन टाकले होते. त्या चहापत्तीच्या डब्यात मात्र तिचे काहीतरी व्हायचे राहिले होते.

दुसरेही एक भय होते. नंबर लागला की मागणी सांगावी लागे. कोणते गाणे, कुणाचे. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता हंडा आवडेल हे रेवणप्पा त्याच्या चालीवरून सांगत. स्वतःच्या लेकीने काय मागितले असते, ते त्यांना सांगता येत नव्हते. प्रवासात तिचा मोबाइल कानाला लावून ते ती गाणी ऐकत. शेकडो होती. अहमदपूर जाई, लोहा येई, तरी यातले तिचे कोणते, ते कळत नसे.

मुलींना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांना दिसे तो एक थकलेला बाप, दर महिन्याला आशेने येणारा आणि उसासा टाकून रिकाम्या हाताने जाणारा.

जानेवारी उजाडला. सात जणींचे नंबर लागून गेले होते; डब्यात चार चिठ्ठ्या पडायच्या होत्या: लुंबिनी, पुनम, वर्षाराणी आणि दामिनी. रेवणप्पांनी नित्याप्रमाणे नाव लिहून टाकले. डबा हलवून लुंबिनीने तो त्यांच्याचपुढे धरला.

“आज तुम्ही काढा, काका.”

“मी? अगं, लहान लेकरानं काढायची असती चिठ्ठी.”

“मग तुमच्याहून लहान कोण हाय हितं?” वर्षाराणी म्हणाली. ही धिप्पाड मुलगी भोकरची, दामिनीची खोलीतली सोबतीण. “आमचा नंबर न्हाई लागला तर आम्ही समोसा खातो. तुमचंच तोंड एवढंसं होतंय.”

सगळ्या हसल्या. रेवणप्पाही कसनुसे हसले. त्यांनी डोळे मिटून डब्यात हात घातला, हाताला लागलेली पहिली सोडून दुसरी चिठ्ठी धरली आणि बाहेर काढली. घडी पुरती उलगडण्याआधीच टाळ्या सुरू झाल्या.

चिठ्ठीवर लिहिले होते: दामिनी.

“लागला! काका, लागला नंबर!” पुनम उड्या मारू लागली.

रेवणप्पा कागदाकडे पाहत राहिले. ज्याने आयुष्यभर अक्षरेच घातली, त्याला अक्षर ओळखायला वेळ लागत नाही.

“हे माझं अक्षर न्हाई,” ते म्हणाले.

टाळ्या थांबल्या. त्यांनी डबा सतरंजीवर पालथा केला आणि उरलेल्या तीन चिठ्ठ्या एकेक करून उलगडल्या. एक त्यांची स्वतःची होती. एक तिरप्या, घाईच्या अक्षरातली. एक मोठ्या, गोल अक्षरातली. चारही चिठ्ठ्यांवर एकच नाव होते.

“काका, राग येऊ देऊ नका,” लुंबिनी म्हणाली. “आम्ही तिघींनी ठरवलं. तुम्ही लातूरहून येता. दर महिन्याला येता. नंबर लागंना, अन् तुम्ही उसासा टाकून जाता. बघवंना आम्हाला. म्हणून आमची नावं टाकलीच न्हाईत.”

“आमचं काय, आम्ही नंतर घेऊ,” वर्षाराणी पुटपुटली.

रेवणप्पांनी चारही कागद मांडीवर नीट रचले. त्यांना रागवायचे होते, पण राग कुणावर धरावा? आपला हक्काचा नंबर सोडून देणाऱ्या मुलींवर?

“पोरीहो,” ते म्हणाले, “मी तिचा नंबर लागावा म्हणून येत नव्हतो गं. लागू नये म्हणून येत होतो.”

आधी कुणालाच बोध झाला नाही. सर्वांआधी कळले ते दारात उभ्या असलेल्या नागुबाईला. तिने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. मग लुंबिनी एकदम पुढे सरकली आणि त्यांच्या मांडीवरचे कागद गोळा करू लागली.

“परत टाकू, काका. हे धरायचंच न्हाई. आम्ही आपापली नावं लिहितो, तुम्ही तुमची चिठ्ठी टाका. पुने, कागद आण! आण लवकर!”

पुनमने कागद आणला. क्षणभर रेवणप्पांचा हात पेन्सिलीकडे गेला. तोच हात त्यांनी मागे घेतला.

“निघालेलं नाव परत डब्यात जात न्हाई, बाई. तीस वर्षं मीच लोकांना सांगत आलो.”

“पर ही आमची भिशी हाय! आमच्या भिशीत जातंय!”

“भिशी कुणाचीबी असू दे. निघालं ते निघालं.” त्यांनी उपरणे हातात घेतले, पण कपाळ पुसले नाही. “आता मागणी सांगावी लागंल. तिनं काय मागवलं असतं? तुम्हाला म्हाईत असंल.”

यावर जो कलह माजला, तसा कलह रेवणप्पांनी कधी ऐकला नव्हता.

“त्या पाच कोरियन पोरांचं,” लुंबिनी म्हणाली. “त्यांच्या नाचाची पावलं तिनंच आम्हाला शिकवली, वसतिगृहाच्या गच्चीवर.”

“हाव, तेच,” पुनम म्हणाली. “नाचता नाचता पाण्याच्या टाकीवर आदळली होती. कपाळाला टेंगूळ. घरी सांगितलं, दार लागलं म्हणून.”

“दार लागलं, हे खरं न्हवतं?” रेवणप्पांनी विचारले.

“न्हाई हो, काका. टाकी!”

“तुम्हाला काय ठावं,” वर्षाराणी मध्ये पडली. “ते नाचायपुरतं. झोपायच्या वक्ताला ती त्या जपानी बाईचं ऐकायची. एकच गाणं. मला पाठ झालं, मला! मला आमच्या भोकरचं गाणं पाठ न्हाई.”

“ते कवा तरी ऐकायची ती,” पुनम म्हणाली.

“कवा तरी? खोलीत कोण होतं, तू का मी?”

“तुला जपानी अन् चिनीतला फरक तरी कळतोय का?”

रेवणप्पा या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत होते. गच्चीवर नाचणारी, टाकीवर आदळणारी, खोटे बोलणारी, उशीखाली मोबाइल घेऊन झोपणारी मुलगी त्यांच्या घरी वीस वर्षे राहिली होती आणि त्यांनी तिला पाहिलेच नव्हते. हा वाद दिवसभर चालावा, असे त्यांना वाटले. परंतु मुंबईच्या व्यापाऱ्याला मागणी दुपारपर्यंत कळवायची होती, आणि लुंबिनी मोबाइल हातात धरून थांबली होती.

दोघी एक म्हणतात आणि एक दुसरे म्हणते, तर दोघींचे ऐकावे, अशी भांडे गल्लीची रीत. रेवणप्पांनी तसेच केले.

“त्या पाच पोरांचंच मागवा,” ते म्हणाले.

वर्षाराणीने तोंड फिरवले आणि ती खिडकीतून बाहेर पाहू लागली.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी रेवणप्पा गेले तेव्हा पाकीट नांदेडला आलेले होते. रेवणप्पांनी शंभर रुपये भरले, कारण नंबर लागला तरी हप्ता चुकत नसतो. पुनमने सवयीने पेन्सिल आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला, आणि ध्यानात येताच हळूच उचलून घेतला. त्या दिवशी डब्यात तीन चिठ्ठ्या पडल्या. वर्षाराणीचे नाव निघाले. रेवणप्पांनी सर्वांबरोबर टाळ्या वाजवल्या, पाकीट पिशवीत घातले आणि भाकरीला न थांबता ते बसस्टँडवर गेले.

घरी पोहोचेपर्यंत दिवे लागले होते. शरणम्मा तांदूळ निवडीत बसली होती. रेवणप्पांनी पाकीट तिच्यापुढे ठेवले.

“दामिनीचा नंबर लागला.”

तिने सूप बाजूला सारले. पाकिटावरचा प्लास्टिकचा कागद त्यांनी फोडू नये म्हटले, तरी तिने दातांनी तोडला. आत चांदीसारखी चकचकीत तबकडी होती, अनोळखी लिपीची पुस्तिका होती आणि एका गोऱ्यापान, निळसर केसांच्या तरुणाचे छायाचित्र होते. ते तिने दिव्याजवळ धरले.

“हे तिनं मागितलं होतं?”

“तिच्या मैत्रिणी म्हणल्या. तिघीतल्या दोघी.”

“न्हाई,” शरणम्मा म्हणाली. “तिला त्या जपानी बाईचं पाहिजे होतं.”

रेवणप्पा तिच्यासमोर येऊन बसले.

“रविवारी फोन आला की मला ऐकवायची. मी म्हणायची, बये, मला काय कळतंय त्यातलं? तर म्हणायची, अव्वा, कळू नको दे. तू दळण निवडताना तोंडातल्या तोंडात गुणगुणतीस ना, ही बाई तशीच गाती. माझा नंबर लागला की हेच आणते, म्हणायची, अन् तुझ्यापाशी ठेवते.”

“तुला म्हाईत होतं?” रेवणप्पांनी विचारले. “पाच महिने मी तिकडं जाऊन राहिलो. तू बोलली का न्हाईस?”

“मला इचारलं कुणी?”

बाहेर गल्लीत कुणीतरी दुकानाचे शटर ओढले. शरणम्माने पुस्तिका मिटली, तबकडी पेटीत घातली आणि झाकण बसवले. मग तिने विचारले,

“ते जपानी बाईचं केवढ्याला मिळतंय?”

“तेवढ्यालाच. टपाल धरून अकराशे.”

“एवढ्यालाच?”

रेवणप्पांनी मान वर केली नाही. शरणम्माने त्या अनोळखी पोराचे छायाचित्र पेटीवर पालथे ठेवले, सूप पुन्हा जवळ ओढले आणि तांदूळ निवडायला घेतले.